चार रुपयांचा कापूस

डिसेंबर उजाडला की घरोघरी मुलांच्या दप्तरातून सहलीच्या चिठ्ठ्या निघू लागतात. हल्ली या चिठ्ठ्यांमधली ठिकाणं ठरलेली असतात. वॉटर पार्क, एखादा मॉल, जमलंच तर एखादं देऊळ आणि धरण. फी साडेसातशेच्या खाली नाही. मुलं बसमध्ये गाणी म्हणत जातात, ओली होऊन परततात, आठवडाभर सर्दी! मुलांनी मजा करू नये असं मी मुळीच म्हणत नाही. पण मैत्रिणींनो, आपण कापसाच्या आणि तुरीच्या मुलखात राहतो. या मुलखातल्या मुलांना त्यांचंच शिवार दाखवायला न्यायचं म्हटलं तर काय होतं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आमच्या महिला मंडळातर्फे मी संध्याकाळी एक अभ्यासवर्ग चालवते. पाचवी ते आठवीची बावीस मुलं येतात. गाव तालुक्याचं, त्यामुळे वर्गात सगळी सरमिसळ. कुणाचे बाबा बँकेत, कुणाचं किराणा दुकान, कुणाकडे चार एकर कोरडवाहू, कुणाची आई रोज दुसऱ्याच्या वावरात निंदायला किंवा वेचायला जाते. दिवाळीनंतर मी त्यांना नेहमीचाच निबंध दिला होता : 'मी कोण होणार?' डॉक्टर, पोलीस, कलेक्टर, यूट्यूबवाला, क्रिकेटर असे सगळे झाले. शेतकरी एकही नाही. याचं मला नवल वाटलं नाही. कोणत्या तोंडाने मुलांनी ते लिहावं? त्यांनी घरात काय पाहिलंय ते आपल्याला ठाऊक आहे. पण निबंधाच्या वर 'पालकांचा व्यवसाय' अशी एक ओळ होती. तिथे सहा-सात मुलांनी चक्क खोटं लिहिलं होतं. 'प्रायव्हेट नोकरी', 'बिझनेस', असंच काहीबाही. ज्यांची वावरं मी स्वतः पाहिली आहेत, त्यांच्या मुलांनी! ते मात्र मनाला लागलं.

म्हणून २०२४ च्या डिसेंबरात आम्ही सहल काढली ती सेवाग्रामला. आणि पालकांना आधीच सांगितलं की बापूंची कुटी तर बघायचीच, पण मुख्य म्हणजे शेत बघायचं आहे. गोठा बघायचा आहे, कापूस वेचायचा आहे.

पालकसभेत पहिलाच प्रश्न आला, "काऊन जी बाई, वावर पाहाले पैसे भरा लागते का?" सगळे खो-खो हसले. मीही हसले. फी होती एकशे ऐंशी रुपये, बस आणि जेवणासकट. एका ताईंनी हळूच बाजूला घेऊन सांगितलं, "सेवाग्राम छानच हो, पण शेणाबिणात हात घालायला लावू नका. हिला अ‍ॅलर्जी आहे." मी विचारलं, कसली? त्या म्हणाल्या, "तशी काही नाही, पण नकोच." एक आजोबा मात्र खूश झाले. तरुणपणी ते विनोबांच्या सभेला जाऊन आले होते.

सेवाग्राम म्हटलं की आपल्याला आठवतं ते शाळेच्या पुस्तकातलं चित्र. कौलारू कुटी, चरखा, कंदील. ते मुळात एक शेत होतं आणि आजही आहे, हे फारसं कुणी मुलांना सांगत नाही. वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवरचं हे गाव, जुनं नाव सेगाव. इथे जमनालाल बजाज यांची जमीन होती. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले. आधी मीराबेन इथल्या खेड्यात येऊन राहिल्या होत्या. घर बांधायचं तर खर्च शंभर रुपयांपुढे जाऊ नये, माती-लाकूड-बांबू इथलाच वापरावा, बांधणारे हातही इथलेच असावेत अशी बापूंची अट. पुढे सेगावची पत्रं संत गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली. तेव्हा १९४० साली गावाचं नाव सेवाग्राम झालं. हा पत्रांचा घोळ मुलांना फार आवडला. "म्हणजे पिनकोड नव्हता का, बाई?" नव्हता रे बाबांनो.

आश्रम म्हणजे नुसती प्रार्थना आणि सूतकताई नव्हे. इतक्या माणसांना खायला लागायचं. भाजीपाला, धान्य, दूध हे जमेल तितकं तिथेच पिकवायचं, अशी रीत होती. बलवंतसिंह नावाचे कार्यकर्ते शेती आणि गोशाळा बघत. मैल्याचं आणि कचऱ्याचं खत करायचं काम आश्रमात सगळ्यांच्या वाट्याला येई, त्यात मोठा-छोटा भेद नाही. तेव्हा देशातले मोठमोठे पुढारी वर्ध्याला उतरून बैलगाडीने नाहीतर पायी या चिखलातून यायचे. व्हाइसरॉयनं बापूंशी बोलता यावं म्हणून तिथे टेलिफोन बसवून दिला होता. ती फोनची खोली अजून आहे. एका बाजूला व्हाइसरॉयचा फोन, दुसऱ्या बाजूला शेणाचा खड्डा, असं ते गाव!

आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. थंडी मरणाची. सगळ्यांच्या कानाला मफलर. साडेसात-आठला पोचलो तेव्हा अंगण झाडून झालेलं होतं. १९३६ साली बापूंनी लावलेला पिंपळ आता केवढा तरी झालाय. कस्तुरबांनी लावलेला बकुळही आहे. मुलींनी खाली पडलेली फुलं शोधायला सुरुवात केली.

मुलांना काय आवडेल याचा अंदाज कधीच लागत नाही बघा. बापूंची बैठक, लाकडी खडावा, तीन माकडं हे सगळं त्यांनी पाच मिनिटांत उरकलं. पण साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा यापाशी ती हलेनात! आश्रमात साप भरपूर. मारायचे नाहीत, चिमट्याने धरायचे, पिंजऱ्यात घालायचे आणि दूर नेऊन सोडायचे. आमच्यातला एक सातवीतला मुलगा, एरवी वर्गात तोंड न उघडणारा, पटकन म्हणाला, "आमच्या वावरातपण निघते. माहे बाबा त काठीनेच सरकवते." बोलून गेला आणि मग इकडे-तिकडे बघू लागला. याच मुलानं निबंधावर 'बिझनेस' लिहिलं होतं. कुणी काही बोललं नाही. उलट दोघं-तिघं त्याला चिकटली, कोणता साप, किती मोठा, असं विचारत.

मला स्वतःला थांबवलं ते बा-कुटीनं. सुरुवातीला सगळे एकाच मोठ्या घरात, आदी-निवासात राहत. स्त्री-पुरुष, पाहुणे, आजारी, सगळेच. बायकांची कुचंबणा व्हायची. ती ओळखून जमनालालजींनी कस्तुरबांसाठी ही वेगळी कुटी बांधून दिली. अगदी छोटीशी. बायकोला कपडे बदलायला आडोसा हवा, हे थोर माणसाच्या घरातही दुसऱ्या कुणाला तरी सुचावं लागतं! मी हे मोठ्याने म्हटलं नाही, पण माझ्याबरोबरच्या दोघी मैत्रिणींनी माझ्याकडे बघून मान डोलावली. आपल्याकडे शेतात काम करणाऱ्या बाईला आजही आडोसा नसतो, हे काय वेगळं सांगायला हवं?

परचुरे शास्त्रींची कुटी दाखवली तेव्हा मुलं गप्प झाली. संस्कृतचे मोठे पंडित. कुष्ठरोग झाला, तेव्हा लोक जवळ येईनात. बापूंनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केलं. एका मुलीनं विचारलं, "त्यांना भीती नाही वाटली?" तिला काय सांगावं ते मला पटकन सुचलं नाही. म्हटलं, वाटली असेलही.

गोठ्याकडे वळलो तेव्हा मात्र ओरडाआरडा सुरू. नाकाला रुमाल लागले. आपल्या वर्धा जिल्ह्याची स्वतःची गाय आहे, तिचं नाव गवळाऊ, हे किती जणांना माहीत आहे? पांढरीशुभ्र, अंगानं हलकी, चालायला चपळ. मराठ्यांच्या फौजा या जातीचे बैल सामान वाहायला वापरत, असं सांगतात. मुलांना जर्सी माहीत, एचएफ माहीत, गवळाऊ मात्र नाही. जसं काही आपल्या आत्याचं नावच विसरावं! दूध कमी देते म्हणून गवळाऊ मागे पडली, हे खरं. पण आपलं ऊन सोसते, कडब्यावर भागवते आणि तिचा गोऱ्हा वखराला चालतो. आता ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्ह्याला कोण विचारतो? शेतकऱ्याच्या बाजूनं हा हिशेबही मुलांना सांगितला. नुसतं 'देशी गाय आपली माता' म्हणून भागत नाही. चारा रोज लागतो.

शेण उचलायचं का, असं मी विचारलं. सक्ती नव्हती. आधी दोन मुलं आली, मग सात, मग अकरा. पालापाचोळा, शेण, माती असे थर देऊन खताचा ढीग कसा रचतात, ते त्यांनी करून बघितलं. हात घातल्यावर आतून गरम लागतं हे कळल्यावर तर भांडणं, मला हात घालू दे, मला हात घालू दे. अ‍ॅलर्जीवाली मुलगी कोपरापर्यंत आत! मी तिच्या आईकडून काय ऐकायचं आहे याची मनाशी तयारी करून ठेवली.

खरी गोष्ट यापुढे घडली.

आमच्या मंडळातल्या एका ताईंचं माहेर सेवाग्रामच्याच शिवारात आहे. त्यांच्या वहिनींनी मुलांना आपल्या वावरात बोलावलं होतं. पऱ्हाटी कमरेच्या वर, दुसऱ्या वेच्याचा कापूस फुटलेला, मधूनमधून तुरीच्या ओळी. वहिनींनी प्रत्येकाच्या कमरेला ओटी बांधून दिली आणि दाखवलं : बोंडाला खाली धरायचं, तीन-चार बोटांनी सगळ्या पाकळ्यांतला कापूस एकदम ओढायचा, वाळका पाला चिकटू द्यायचा नाही. पाला राहिला की भाव कापतात. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात. पाच मिनिटांत 'बाई, टोचलं', 'बाई, रक्त' सुरू झालं.

आणि एक मुलगी, आठवीतली, भराभर पुढे निघून गेली. दोन्ही हात चालताहेत. डाव्या हाताने एक बोंड, उजव्याने दुसरं, मान खाली. बाकीच्यांच्या ओट्यांत मूठ-मूठ कापूस, हिची ओटी फुगलेली. वहिनी बघतच राहिल्या. "तुहा हात त चांगलाच बसला हाये वो पोरी. कोणाच्या वावरात जातं तू?"

ती एकदम थांबली. निबंधावर तिनं आईच्या नावापुढे 'नोकरी' लिहिलेलं मला आठवलं. आई वेचायला जाते हे मला माहीत होतं. दिवाळीच्या सुट्टीत पोरगीही जाते, हे माहीत नव्हतं. सगळी मुलं तिच्याकडे बघत होती. तिचा चेहरा उतरला होता. मी काही बोलणार तेवढ्यात बँकेतल्या साहेबांचा मुलगा म्हणाला, "ए, दाखव ना कसं करते ते. माझं सगळं तुटूनच येतंय." ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग न बोलता त्याच्या झाडापाशी गेली आणि हळू करून दाखवलं. एकदा, दोनदा. 'असं नाही रे येडपट,' इतपत तिचा आवाज फुटला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पाऊण तास वेचल्यावर सगळ्यांचा कापूस एकत्र करून तोलला. बावीस जणांचा मिळून नऊ किलो. मुलांना वाटलं केवढा ढीग! मग तुरीच्या सावलीत बसून आम्ही हिशेब मांडला. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये जाहीर झाला होता. म्हणजे किलोला पंचाहत्तर रुपये. नऊ किलोचे झाले पावणेसातशे. वहिनी हसल्या. म्हणाल्या, हमीभाव कागदावर, खेड्यावर येऊन घेणारा व्यापारी तेवढा देतो का? आणि यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण सगळं जायचं आहे. वेचणीची मजुरी किलोला दहा रुपये. म्हणजे नऊ किलोचे नव्वद. ते बावीस जणांत वाटले, तर?

भागाकार करायला वेळ लागला नाही. "चार रुपये!" कुणीतरी ओरडलं. "फक्त चार?" बसमध्ये याच मुलांनी वीस-वीस रुपयांची चिप्सची पाकिटं फोडली होती. एकानं आपल्या खिशातलं रिकामं पाकीट काढून बघितलं आणि परत ठेवलं. मग त्यांनीच त्या मुलीला विचारलं, तुझी आई किती वेचते? ती म्हणाली, "पंचवीस. चांगला फुटला असला त तीस." तिचा आवाज अगदी बारीक होता. सगळ्यांनी मनात गुणाकार केला असावा. मी काही भाष्य केलं नाही.

दुपारी ज्वारीची भाकरी, झुणका, सोल्यांची भाजी आणि मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा. शेंगांचं भलंमोठं पातेलं अर्ध्या तासात रिकामं झालं. नंतर 'आनंद निकेतन' शाळा बाहेरून-आतून बघितली. बापूंच्या 'नई तालीम'ची ही जागा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि सात वर्षांचं मोफत, सक्तीचं, मातृभाषेतलं, हाताच्या कामातून दिलेलं शिक्षण अशी कल्पना पुढे आली. आर्यनायकम् आणि आशादेवी या पती-पत्नींनी इथे ती राबवली. दोघंही शांतिनिकेतनातून आलेले. देवीप्रसादांसारखा चित्रकार-कुंभार इथे मुलांना कला शिकवायला होता. पुढे शाळा बंद पडली, ती २००५ साली पुन्हा सुरू झाली. इथली मुलं परसबागेत भाजी लावतात, स्वयंपाकात हात लावतात, सूत काढतात आणि त्यातूनच गणित, विज्ञान शिकतात.

आमच्या मुलांना हे ऐकून हेवा वाटला. मला मात्र वेगळंच आठवत होतं. त्या काळीही लोकांनी शंका काढली होतीच, की मुलांच्या हातून वस्तू बनवून घेणं म्हणजे शाळेचा कारखाना करणं नव्हे का? खात्या-पित्या घरचा मुलगा हातात खुरपं घेतो तेव्हा ते शिक्षण असतं. मजुराची मुलगी घेते तेव्हा ते काय असतं? या प्रश्नानं त्या दिवशी माझी पाठ धरली ती सुटली नाही.

परतताना पवनारला थांबलो. धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम. १९५९ पासून इथे ब्रह्मविद्या मंदिर आहे, बहिणींनी सामूहिकपणे चालवलेलं. आपल्या चुलीचा, शेताचा आणि संस्थेचा कारभार बायकांनी स्वतः, सहमतीनं बघायचा, ही कल्पना आपल्या मंडळांनी एकदा जाऊन बघण्यासारखी आहे. (आमच्या मंडळात हळदीकुंकवाच्या वाणावरून तीन बैठका होतात, म्हणून म्हणते!) १९५० च्या सुमाराला विनोबांनी इथे पैशाशिवाय जगण्याचा आणि बैलांशिवाय, नुसत्या हातांनी शेती करण्याचा प्रयोग केला होता. ऋषिशेती म्हणत त्याला. इथलं शेत खणताना जुन्या मूर्ती निघाल्या. त्यातली राम-भरत भेटीची मूर्ती तिथे बघायला मिळते. खणता खणता देव सापडतो म्हटल्यावर आमची अर्धी मुलं उद्या घरामागे खड्डा खणणार, हे दिसतच होतं.

वर्ध्यात गोरस भांडारातून गोरसपाक घेतला. गाईच्या तुपातला तो खुसखुशीत पदार्थ तुम्ही खाल्ला नसेल तर वर्ध्याला जाणाऱ्या कुणाला तरी आणायला सांगा. १९४१ साली जमनालालजींनी गोसेवेच्या कामाला स्वतःला वाहून घेतलं होतं, ही त्याचीच गोड आठवण.

अशी सहल काढायची तर दोन-चार गोष्टी सांभाळा. आश्रमात आणि शाळेत आधी फोन करून वेळ ठरवा, मुलांची संख्या सांगा. वावरात चप्पल नको, बूट हवेत, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. आणि ज्या वावरात नेणार तिथे शेवटची फवारणी कधी झाली हे विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, कित्येकांना दवाखान्यात ठेवावं लागलं. आपण ते विसरलो, पण औषधांचे डबे अजून घरोघरी खाटेखाली असतात. आम्ही वहिनींना दोनदा विचारून घेतलं होतं. त्यांनाही त्याचा राग आला नाही.

बसमध्ये अंधार झाल्यावर ती आठवीतली मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "बाई, शाळेत नका सांगू हं." मी म्हटलं, वर्गातल्या सगळ्यांनी तर बघितलं. ती म्हणाली, "हे वेगळे. शाळेतले वेगळे." मी नाही सांगणार म्हटलं. तिच्या बोटांना बारीक ओरखडे होते, जुने आणि नवे. तिनं हात फ्रॉकखाली घेतले.

अ‍ॅलर्जीवाल्या ताई दुसऱ्या दिवशी आल्याच. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी शेणात हात घातलेला फोटो टाकला होता. त्या म्हणाल्या, "आम्ही एवढी इंग्लिश मीडियमची फी भरतो ती काय यासाठी?" मी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या मुलीनं महिनाभर वर्ग बुडवला. आता परत येते. आली त्या दिवशी तिनं मला विचारलं, तो ढीग आता थंड झाला असेल का.

पण मला ज्यांच्यापुढे खरोखर उत्तर द्यावं लागलं त्या या ताई नव्हेत. चार दिवसांनी संध्याकाळी सातच्या सुमाराला त्या आठवीतल्या मुलीची आई दारात उभी राहिली. कामावरून तशीच आलेली, डोक्याला फडकं, साडीला कापसाचे तंतू. आत या म्हटलं तर येईना. "बाई, तुमी माह्या पोरीले कापूस वेचाले लावला म्हणते."

मी हो म्हटलं. सगळ्यांनीच वेचला, म्हटलं.

"सगळ्यायचं सोडा. त्यायले मज्जा वाटते. मी हिले तुमच्या वर्गात कायले धाडतो? तिच्या हाती कापूस येऊ नये म्हनून. दिवाळीत नेलं तिले, नेलं नाही असं नाही. फी भराची होती. पन तुमीबी तेच कराले लावता, मंग मी कोनाच्या भरोशावर धाडू?"

खरं सांगते, इतका सरळ प्रश्न मला आजवर कोणत्याही शिबिरात, कोणत्याही व्याख्यानात कुणी विचारला नव्हता. मी तिला घडलं ते सगळं सांगितलं. नऊ किलोचा हिशेब सांगितला. बावीस पोरांनी पाऊण तास मरमर करून नऊ किलो, हे ऐकून मात्र ती पदर तोंडाला लावून हसली. "बावीस पोट्टे न नऊ किलो! माय वो!" मग आत येऊन पाटावर बसली. मी चहा टाकला.

बँकवाल्यांच्या मुलानं तिच्या पोरीकडून वेचायला शिकून घेतलं, हे तिला दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा तिचा विश्वासच बसेना. चार रुपयांचं सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. बशीतला चहा फुंकत राहिली. "पोरायनं सोता काढला हा हिशोब?" हो म्हटलं. "मंग मास्तर लोकायलेबी घेऊन जा एकदा," ती म्हणाली.

जाताना उंबऱ्यापाशी थांबून तिनं आपली अट सांगितली. पुढच्या वेळी पोरीला न्यायचं तर न्या, पण तिच्या हातात ओटी नको, वही द्या. वजन करणं, भाव लिहिणं, हिशेब मांडणं हे तिच्याकडे. मी कबूल केलं. आणि मग मीच विचारलं की मुलांना वेचायला शिकवायला तुम्हीच का येत नाही आमच्याबरोबर? वहिनींना आपली कामं असतात.

"माही मजुरी बुडते ना जी."

मंडळ देईल, म्हटलं. दिवसाची मजुरी आणि जेवण.

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "शिकवाची मजुरी का वेचाची?"

शिकवण्याची, मी म्हटलं.

"मंग पाचशे," ती म्हणाली. "न बसमधी मले खिडकीपाशी बसवजा. मले वकारी होते."